पाच पाण्यांचा मावळ

मुलांनो, लोणावळा म्हटलं की तुम्हाला पहिल्यांदा काय आठवतं? चिक्की! मग धुकं, धबधबे, गरमागरम कांदाभजी आणि भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजणारी माणसं. बरोबर ना? हे सगळं तिथे आहेच, आणि चिक्की तर मलाही तुमच्याइतकीच आवडते. पण आज मी तुम्हाला जरा वेगळ्या वाटेनं मावळात नेणार आहे. या वाटेवर आपण पाच ठिकाणचं पाणी पाहायचं आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा : हे पाणी कुणी अडवलं, आणि कुणासाठी?

खरं सांगू? हा प्रश्न माझा नाही. तो चौथीतल्या एका मुलीच्या वहीतून आला. आधी ती गोष्ट ऐका.

मी मूळची सांगोल्याकडची. आमच्याकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला, तरी माणसं खूश असतात. डी.एड. झाल्यावर मला नेमणूक मिळाली ती थेट मावळात, पवना धरणाच्या बाजूच्या एका शाळेत. इकडे लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस! पहिल्याच जुलैत माझे खडू दमट, वह्या दमट, दोरीवरचे कपडे तर आठ-आठ दिवस ओलेच. पण घराबाहेर पडलं की जिकडे पाहावं तिकडे पाणी. मी अगदी हरखून गेले होते.

एकदा मुलांना ‘आमचा तालुका’ हा निबंध लिहायला दिला. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘पवना धरण खूप मोठे आहे. त्यात माझ्या आजीचे गाव आहे.’ मी लाल शाईनं ‘आहे’ खोडलं आणि वर ‘होते’ लिहिलं. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

“बाई, ‘होते’ नाही. ‘आहे’.”

“अगं, पण ते पाण्याखाली गेलं ना?”

“गेलं. पण आजी म्हणती, आहे.”

मी हसले आणि म्हटलं, “जा, डबा खा आधी.” पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. तुम्हीही तो मनात ठेवा. आता चला सहलीला!

पहिलं पाणी : भाज्याची पोढी

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसायचं. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत ही स्टेशनं गेली की मळवली येतं. तिथे उतरून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला, की अर्ध्या-पाऊण तासात भाजे गाव लागतं. गावातून पायऱ्या चढून गेलं की डोंगराच्या पोटात कोरलेली भाज्याची लेणी दिसतात. पावसाळ्यात शेजारीच धबधबा कोसळत असतो.

ही २२ लेणी साधारण बावीसशे वर्षांपूर्वी कोरायला सुरुवात झाली. मोठ्या चैत्यगृहात उभे राहा आणि वर पाहा. दगडी छताला लाकडाच्या कमानी बसवलेल्या दिसतील. इथून जवळच कार्ल्याचं लेणं आहे. तिथलं चैत्यगृह तर भारतातलं सर्वांत मोठं मानलं जातं : सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच! तिथल्या छताच्या लाकडी कमानीसुद्धा दोन हजार वर्षं टिकून आहेत.

पण आपण निघालोय पाणी पाहायला. भाज्याला कातळात चौकोनी टाकी खोदलेली दिसतात. जुन्या शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हणतात. डोंगरावरून झिरपणारं पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि इथे राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंना वर्षभर पुरायचं. इथल्या एका लेखात ब्राह्मी अक्षरांत कोरून ठेवलंय, की ही पोढी महारठी विण्हुदत याचं दान आहे. कुणी सोनं दान देतं, कुणी धान्य. या माणसानं पाणी दान दिलं! आणि ते कुणासाठी? स्वतःसाठी नव्हे, तर इथे राहणाऱ्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसाठी.

दुसरं पाणी : लोहगडाचं तळं

भाज्याच्या वरच्या अंगाला दोन किल्ले आहेत, लोहगड आणि विसापूर. दोघांच्या मधल्या खिंडीतून लोहगडवाडीला जायचं. तिथून गडावर पायऱ्याच पायऱ्या. गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक येतात. वाट अशी वळत जाते, की खालून येणारा शत्रू प्रत्येक वळणावर वरच्यांच्या माऱ्यात सापडावा. गडाच्या पश्चिमेला लांबलचक, निमुळता कडा आहे. विंचवाच्या नांगीसारखा दिसतो, म्हणून त्याला विंचूकाटा म्हणतात.

१६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यांत लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे मावळातले चारही किल्ले होते. १६७० मध्ये लोहगड पुन्हा स्वराज्यात आला. आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांतही लोहगड आहे बरं का!

गडावर नाना फडणीसांनी बांधून घेतलेलं मोठं तळं आहे. गडाला तटबंदी असेल, तोफा असतील, पण पाणी नसेल तर गड किती दिवस लढणार? इथलं पाणी अडवलं ते गडावरच्या शिबंदीसाठी. ज्यांनी वर राहायचं, त्यांच्यासाठी वरच साठवलं. हिशोब सरळ होता.

तिसरं पाणी : भुशी

आता पुन्हा लोकल पकडून शेवटचं स्टेशन गाठू, लोणावळा. मुंबईकडून येणारी आगगाडी १८६३ साली बोरघाट चढून वर आली. वाफेच्या इंजिनाला दोन गोष्टी लागायच्या, कोळसा आणि पाणी. त्या पाण्यासाठी रेल्वे कंपनीनं इंद्रायणी नदीवर एक छोटं धरण बांधलं. तेच आपलं भुशी धरण! म्हणजे ज्या पायऱ्यांवर लोक आज भिजायला जातात, तिथलं पाणी मुळात इंजिनांची तहान भागवायला अडवलं होतं.

चिक्कीची गोष्टही रेल्वेपासूनच सुरू झाली असं सांगतात. घाटात काम करणाऱ्या मजुरांना पटकन खाता येईल, पोटाला आधार होईल आणि टिकेल असा खाऊ हवा होता. गूळ आणि शेंगदाणे! करायला सोपी वाटते, पण सगळी करामत पाकात असते. गुळाच्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा. तो कडक झाला आणि ताटलीवर टाकल्यावर ‘टण्’ वाजला, की पाक झाला. मग भाजलेले दाणे घालून, तूप लावलेल्या पाटावर ओतून भराभर लाटायचं. जरा रेंगाळलात की पातेल्यातच दगड! घरी कराल तेव्हा मोठ्या माणसाला जवळ घ्या. पाकाचा चटका फार वाईट.

आता एक गंभीर गोष्ट. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत तुमच्याएवढी, तुमच्याहून लहान मुलंही होती. १५ जून २०२५ रोजी याच इंद्रायणीवर, कुंडमळ्याला, माणसांच्या गर्दीनं जुना लोखंडी पूल कोसळला. चार जण गेले.

असं का होतं, ते नीट समजून घ्या. तुम्ही उभे असता तिथे पाऊस नसतो, पण वर डोंगरात जोराची सर येते. ते सगळं पाणी ओढ्यातून काही मिनिटांत खाली पोहोचतं. घोट्याएवढं पाणी बघता बघता कमरेएवढं होतं. पायाखाली शेवाळलेला दगड असतो, त्यावर उभं राहताच येत नाही. म्हणून पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर फोटो-बिटो विसरा आणि आधी बाहेर या. आणि पाटीवर ‘पुढे जाऊ नये’ लिहिलं असेल, तर पुढे जायचं नाही. माझे विद्यार्थी इथेच जन्मले, पण जुलै महिन्यात त्यांच्यातलं एकही पोर ओढ्यात उतरत नाही. जे पाण्याला ओळखतात, ते त्याला वचकून असतात.

चौथं पाणी : वळवण

लोणावळ्याजवळच वळवणचा मोठा तलाव आहे. इथे तर फारच गंमत आहे! आधी नकाशा काढा. इंद्रायणी कुरवंड्यापाशी उगम पावते आणि पूर्वेला जाते. देहू, आळंदी करत भीमेला मिळते. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे लोणावळ्यात पडलेला पावसाचा थेंब सगळं दख्खन पार करून निघालेला असतो.

पण शंभर वर्षांपूर्वी टाटांनी हे पाणी लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांत अडवलं आणि मोठमोठ्या नळांतून उलट दिशेला, घाटाखाली सुमारे ५०० मीटर सोडलं. पाणी ज्या जोरानं खाली येतं, त्या जोरावर चक्रं फिरतात आणि वीज तयार होते. १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. वापरून झालेलं पाणी पाताळगंगेतून अरबी समुद्राला जातं. पूर्वेच्या समुद्राला निघालेला थेंब पोहोचला पश्चिमेच्या समुद्राला!

हे पाणी कुणासाठी अडवलं? दूरच्या शहरासाठी. शहराला वीज हवी होती, ती मिळाली. पण धरण बांधलं की कुणाची तरी जमीन बुडतेच. शेजारच्या मुळशीत पुढच्या धरणाचं काम निघालं, तेव्हा १९२१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. तरीही धरण झालंच.

पाचवं पाणी : पवना

आता परत फिरून कामशेत स्टेशनवर उतरू. इथून एसटी नाहीतर वडापची जीप पवनानगरला जाते. वाटेत बेडसे लेणी आहेत. तिथले उंच खांब आणि खांबांवरचे हत्ती-घोडे पाहायला विसरू नका. कार्ल्यापेक्षा गर्दी कितीतरी कमी.

खिंड ओलांडली की एकदम समोर निळंशार पाणी पसरलेलं दिसतं. तेच पवना धरण. मातीची भिंत सव्वा किलोमीटरहून जास्त लांब आहे. १९७२ च्या सुमारास इथे पाणी अडलं. काठावर एकीकडे तिकोना, पलीकडे सुळक्यासारखा तुंग, मागे लोहगड आणि विसापूर.

तुंग चढायला अवघड म्हणून त्याचं दुसरं नाव कठीणगड. तुमच्यासाठी तिकोना बरा. वाटेत दगडात कोरलेला, राक्षसाला पायाखाली दाबणारा चपेटदान मारुती भेटतो. चुन्याची घाणी आहे, महादेवाचं देऊळ आहे. शेवटच्या पायऱ्या मात्र चांगल्याच उभ्या आहेत. वर पोहोचलात की चारही किल्ले आणि मधलं पाणी एका नजरेत मावतं. मी मुलांना घेऊन जाते तेव्हा भूगोलाचं पुस्तक दप्तरातच राहतं.

काय खायचं? इंद्रायणी तांदळाचा भात! ही जात इथल्याच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार झाली आणि १९८७ साली शेतकऱ्यांना मिळाली. मऊ, थोडा चिकट आणि शिजताना घरभर वास. त्यावर वरण आणि तुपाची धार. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या आणि तांदळाची भाकरी. खाणाऱ्यांसाठी खेकड्याचं झणझणीत कालवण. उन्हाळ्यात पळसाच्या द्रोणातून करवंदं आणि जांभळं विकायला पोरं रस्त्याकडेला बसतात. त्यांच्याकडून जरूर घ्या आणि घासाघीस करू नका हं! त्यातून कुणाच्या तरी वह्या येतात.

काय करायचं? जुलैत आलात तर भाताची लावणी करून पाहा. आमच्याकडे तिला आवणी म्हणतात. शेतकऱ्याला विचारायचं, “मामा, येऊ का?” नाही कुणी म्हणत नाही. गुडघाभर चिखलात उभं राहून, वाकून, मूठमूठ रोप लावायचं. दहा मिनिटांत कंबर बोलायला लागते. मग ताटातला भात टाकवत नाही. जूनच्या आधी संध्याकाळी झाडं काजव्यांनी लुकलुकतात. तेव्हा बॅटरी बंद ठेवा. हिवाळ्यात काठावर बसून बगळे, पाणकावळे, खंड्या मोजा.

आजीचं गाव

आता वहीची गोष्ट पुरी करते.

त्या वर्षी मे महिन्यात धरणाचं पाणी बरंच खाली गेलं होतं. ती मुलगी म्हणाली, “बाई, चला. आजी जाणार आहे.” मी गेले. पाणी ओसरलेल्या जागेत चिखल वाळून भेगा पडल्या होत्या. आणि त्यात उभं होतं दगडी देऊळ, वाघेश्वराचं. जुनं, हेमाडपंती. वर्षातले आठ-नऊ महिने ते पाण्यात असतं आणि उन्हाळ्यात बाहेर येतं.

आजींनी गाभाऱ्यात दिवा लावला. मग त्या पदर खोचून झपाझप चालू लागल्या, जशी काही तिथे गल्लीच आहे. एका ठिकाणी दगडांची चौकोनी रांग दिसत होती. त्या तिथे थांबल्या.

“हे आमचं जोतं, बाई. हितं चूल व्हती. हितं गोठा. पलीकडं आमची खाचरं, पार नदीपत्तूर. पाणी आलं तवा मी हिच्यापेक्षा थोडी मोठी व्हते.” त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

मी विचारलं, “आजी, राग येतो का?”

“पाण्याचा कशाला येईल? त्यानं काय केलं? जमिनीच्या बदल्यात जमीन देऊ म्हणले व्हते, त्याची वाट बघून बघून माझा बाप गेला.”

मी काहीच बोलू शकले नाही.

मुलांनो, पवनेचं पाणी मुख्यतः पिंपरी-चिंचवडला जातं. धरणातून नदीत सोडतात आणि रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलतात. तिथल्या लाखो घरांत नळ उघडला की जे येतं, ते हेच. ते पाणी बंद नळानं नेण्याची योजना निघाली, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. शहराचं म्हणणं, नळातून नेलं तर पाणी स्वच्छ राहील, वाया जाणार नाही. शेतकऱ्यांचं म्हणणं, नदीच वाहिली नाही तर काठच्या शेतांनी काय करायचं? ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर गावाजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, गोळीबार झाला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. योजनेचं काम पुढे कित्येक वर्षं थांबलं.

शहरातल्या मुलांनी पाणी प्यायचंच नाही का? प्यायचं. तहान सगळ्यांची सारखीच. पण ते कुठून येतं आणि त्यासाठी कुणी काय दिलं, हे ठाऊक असायला हवं.

म्हणून पवनेला आलात तर एवढं करा. काठावर तंबू ठोकून रात्री मोठ्यानं गाणी लावणारे खूप असतात; तुम्ही त्यांच्यातले होऊ नका. पलीकडे वाडीत सकाळी लवकर उठणारी माणसं झोपलेली असतात. बाटल्या, पिशव्या परत घेऊन जा. होडीत बसायचं तर आधी लाइफ जॅकेट. धरणात पोहायला उतरू नका. तळाला चिखल असतो, जुन्या विहिरी असतात, बांध असतात. आता तुम्हाला कळलं ना, त्या विहिरी तिथे कशा आल्या?

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा ती मुलगी पाचवीत गेली होती. मी तिची जुनी वही मागून घेतली. माझं लाल ‘होते’ खोडलं आणि तिचं ‘आहे’ पुन्हा लिहिलं. तिनं वही उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “बाई, मग मार्क वाढणार का?”

वाढवला, एक!

आता तुमचा गृहपाठ. तुमच्या घरच्या नळाला पाणी कुठल्या धरणातून येतं? ते कधी बांधलं? त्याच्या तळाशी कुठलं गाव आहे? आई-बाबांना विचारा, आजी-आजोबांना विचारा. आणि लिहिताना ‘होते’ लिहायचं की ‘आहे’, ते तुम्हीच ठरवा. उत्तरं मला पत्रानं जरूर कळवा हं!